वेशीवरचे देव

चेन्नईच्या मैलापूर भागात कपालीश्वराचे प्रशस्त देवालय आहे. पूर्वेस उंच गोपुर, पश्चिमेस पायऱ्यांनी बांधलेली पुष्करिणी, आत आगमग्रंथांनी नेमून दिलेली नित्यपूजा, आणि पंगुनी महिन्यात, म्हणजे आपल्या फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, निघणारी त्रेसष्ट शैव संतांची मिरवणूक. असा हा सारा राजस थाट आहे. या देवालयापासून थोड्याच अंतरावर मुंडककण्णी अम्मनचे ठाणे आहे. येथील देवी म्हणजे कमळाच्या कळीसारखी दिसणारी एक स्वयंभू शिळा. तिच्या गाभाऱ्यावर शिखर नाही, झावळ्यांचे छप्पर आहे. मागे वडाचे झाड आणि नागशिळा आहेत. नवस फेडावयास आलेल्या बायका तेथेच चूल मांडून पोंगल शिजवितात. ही देवी मुळात गावाची रक्षणकर्ती. गाव शहरात विरून गेले, तरी देवीने आपले छप्पर सोडलेले नाही.

महाराष्ट्रातून आलेल्या प्रवाशाला यात नवल वाटत नाही. पंढरपूर आणि म्हसोबा, काशीविश्वेश्वर आणि गावदेवी ही दोन्ही त्याच्या घरची. विठ्ठलाचे अभंग म्हणणारे कुटुंबच आषाढात मरीआईला दहीभात पाठविते, आणि त्यात काही विसंगती आहे असे कोणाला वाटत नाही. परंतु अठराव्या शतकात याच किनाऱ्यावर गलबतातून उतरणाऱ्या युरोपीय माणसाजवळ या दोन्ही ठिकाणांसाठी एकच शब्द होता. इंग्रजीत तो ‘पेगन’, जर्मनमध्ये ‘हाइडे’. कपालीश्वराचा शिवाचार्य पेगन, अम्मनचा पुजारी पेगन, वेदान्ती संन्यासीही पेगन, आणि मूर्तिपूजेची टर उडविणारा तमिळ सिद्धही पेगनच. एका शब्दाने इतक्या भिन्न गोष्टी झाकल्या जातात, तेव्हा तो शब्द त्या गोष्टींविषयी फारसे काही सांगत नाही. तो उच्चारणारा कोठे उभा आहे, एवढेच सांगतो. या शब्दाचा इतिहास पाहण्याजोगा आहे, आणि त्यातील काही महत्त्वाची प्रकरणे मद्रासच्या किनाऱ्यावरच घडली आहेत.

लॅटिन भाषेत ‘पागुस’ म्हणजे खेड्यापाड्यांचा टापू, आणि ‘पागानुस’ म्हणजे त्या टापूतील रहिवासी. आपल्या भाषेत ‘ग्राम’पासून ‘ग्राम्य’ झाला आणि ‘गावंढळ’ या शब्दाला जी तुच्छतेची छटा आली, तसाच हा प्रकार. चौथ्या शतकात रोमन साम्राज्यातील ख्रिस्ती मंडळी हा शब्द जुन्या देवांच्या उपासकांना लावू लागली. पाचव्या शतकाच्या आरंभी ओरोसियुस या ख्रिस्ती इतिहासकाराने त्याचा संबंध खेड्यांशीच जोडला. नवा धर्म नगरांतून पसरला, जुना खेड्यांत उरला, असा त्याचा अर्थ. दुसरा एक पक्ष असे म्हणतो, की रोमन सैनिकांच्या बोलीत ‘पागानुस’ म्हणजे शिपाई नसलेला मुलकी माणूस. आणि ख्रिस्ताचे शिपाई म्हणविणाऱ्यांनी बाहेरच्यांना मुलकी ठरविले. विद्वानांचे यावर एकमत नाही. परंतु दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे. पेगन हा स्वतः कोणी नव्हेच. तो शहरातला नव्हे, सैन्यातला नव्हे, आपल्यातला नव्हे. त्याची ओळख नकाराने होते.

हे नाव वस्तुस्थितीला धरूनही नव्हते. इ. स. ३८४ मध्ये रोमच्या सिनेटगृहातील विजयदेवतेची वेदी परत बसवावी, अशी विनंती सम्राटापुढे मांडणारा सिम्माकुस हा कोणी खेडवळ नव्हता. तो रोम नगरीचा मुख्य अधिकारी होता. इतक्या गहन रहस्यापर्यंत एकाच वाटेने पोहोचता येईल असे नाही, हा त्याच्या विनंतीचा गाभा होता. विनंती फेटाळली गेली. पुढे सात-आठ वर्षांतच सम्राट थिओडोसियुसने जुन्या देवांना बळी देण्यावर आणि त्यांच्या मंदिरांत जाण्यावर बंदी घातली. त्याआधी या जुन्या उपासनांना पुन्हा राजाश्रय देऊ पाहणारा सम्राट ज्युलियन होऊन गेला. तो आपल्या पंथाला पेगन म्हणत नसे, ‘हेलेनी’ म्हणत असे. होमर आणि प्लेटो यांच्या संस्कृतीचे वारस, हा त्याचा आशय. आत उभ्या असलेल्याला हेलेनी दिसले ते बाहेरून पाहणाऱ्याला खेडवळ दिसले.

अशी नावे ठेवण्यात आपणही मागे राहिलेलो नाही. ज्याची बोली कळत नाही तो म्लेच्छ. ‘पाखंड’ या शब्दाची कथा तर अधिक बोलकी आहे. अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ म्हणजे केवळ पंथ. गिरनारच्या शिळेवरील बाराव्या लेखात सर्व पंथांचा मान राखावा, आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करताना वाणीला लगाम घालावा, असे तो राजा सांगतो. पुढे हाच शब्द वेदबाह्य पंथांपुरता उरला, नंतर तो शिवीच झाला, आणि आजच्या मराठीत पाखंड म्हणजे ढोंग. मान देण्यासाठी वापरलेला शब्द चारसहा शतकांत कसा उलटला, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

गोमंतकात नावे ठेवण्याचा परिणाम केवळ शब्दकोशात राहिला नाही. पोर्तुगीज तेथील हिंदूंना ‘जेंतिओ’ म्हणत. हा शब्द लॅटिन ‘जेंतिलिस’चा वंशज, म्हणजे परक्या लोकांपैकी, इतरेजनांपैकी. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी येथील देवळे पाडण्यात आली. कुशस्थळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळला गेला, आणि असे कितीतरी देव रातोरात पालखीतून निघाले. त्याच भूमीत १६१६ साली फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ राचोल येथे छापले गेले. मराठीच्या लावण्यावर मुग्ध झालेला हा इंग्रज पाद्री मराठी ओवीत सैतानासाठी शब्द योजतो तो ‘देवचार’. गोव्यातील हिंदू खेडुताच्या लेखी देवचार हा गावच्या शिवेचा राखणदार. रात्रीच्या वाटसरूला घरापर्यंत सोबत करणारा. वेशीवरचा देव अशा रीतीने सैतान झाला. ग्रीक भाषेत जो ‘डायमोन’ माणसाचा अदृश्य पाठीराखा होता, त्याचाही युरोपात असाच भूत झाला होता.

हाच ‘जेंतिओ’ शब्द इंग्रजांच्या तोंडी ‘जेंटू’ झाला. हालहेडने हिंदू धर्मशास्त्राचा संग्रह १७७६ मध्ये इंग्रजीत आणला तो ‘जेंटू कायद्यांची संहिता’ या नावाने. मद्रासमध्ये या शब्दाला आणखी एक वळण मिळाले. तेथील इंग्रज तमिळ भाषेला ‘मलबार’ म्हणत आणि तेलुगू भाषेला ‘जेंटू’. धर्म सांगणारा शब्द भाषेचे नाव होऊन बसला. मुळात त्यात काहीच निश्चित अर्थ नसल्यामुळे तो कोठेही चिकटविता येत होता.

त्या शब्दाला निश्चित अर्थ देण्याचा पहिला कसोशीचा प्रयत्न या किनाऱ्यावर एका जर्मन तरुणाने केला. मद्रासच्या दक्षिणेस तरंगमबाडी नावाचे बंदर आहे. युरोपीय त्याला ट्रांकेबार म्हणत. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाने ते डॅनिश व्यापाऱ्यांना वार्षिक खंडावर दिले होते. ९ जुलै १७०६ रोजी डेन्मार्कच्या राजाने पाठविलेले दोन मिशनरी तेथे उतरले. त्यांतील बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग हा त्या वेळी जेमतेम चोवीस वर्षांचा होता. बंदराच्या तटाबाहेर तंजावरचे राज्य पसरले होते, आणि तंजावरच्या गादीवर होते व्यंकोजीपुत्र शहाजीराजे भोसले. शिवछत्रपतींचे हे पुतणे संस्कृत, तेलुगू आणि मराठी विद्येचे मोठे आश्रयदाते. तिरुविशनल्लूर गाव त्यांनी १६९३ मध्ये विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. त्यांच्या दरबारात रचलेली मराठी नाटके आजही तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. त्सीगेनबाल्गच्या दृष्टीने मात्र ही एका हाइडे राजाची हाइडे प्रजा होती.

त्या काळच्या युरोपात जगातील माणसे चार गटांत विभागण्याची रीत होती: ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान आणि हाइडे. पहिल्या तिघांजवळ ग्रंथ होता. चौथ्याच्या पदरी उरलेले सर्व जग होते. हीच चौकट मनात घेऊन त्सीगेनबाल्ग आला. परंतु त्याने एक गोष्ट केली, जी त्याच्यापूर्वी फार थोड्यांनी केली होती. तो मुलांबरोबर वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत तमिळ शिकला आणि ताडपत्रांवरील पोथ्या जमवू लागला. दोनच वर्षांत, १७०८ मध्ये, त्याने शंभराहून अधिक तमिळ ग्रंथांची टिपणांसह यादी तयार केली. काही नीतिग्रंथांचे त्याने जर्मन भाषांतर केले. पुढे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने तमिळ जाणत्यांना पत्रे लिहून प्रश्न विचारले. तुम्ही देव किती मानता? पाप कशाला म्हणता? मेल्यावर काय होते? त्यांची सविस्तर उत्तरे आली, आणि ती पत्रे जर्मनीत हाले येथे छापूनही निघाली.

या पत्रांत हाइडेही आपल्या परीने न्यायाधीश झालेला दिसतो. युरोपियांचा धर्म वाईट नसेलही. पण गोमांस खाणारे, मद्य पिऊन झिंगणारे, शौचाचार न पाळणारे हे ‘परंगी’ आम्हांला कसला धर्म शिकविणार, अशी शंका उत्तर देणाऱ्यांनी मोकळेपणे मांडली आहे. फिरंगी या शब्दाचे हे तमिळ रूप. त्यातही तुच्छता होतीच. दोन्ही बाजूंना एकमेकांसाठी एकेक शब्द होता. फरक एवढाच, की एका बाजूच्या शब्दामागे गलबते, किल्ला आणि लवकरच छापखानाही येणार होता.

तो छापखाना आला. त्यातून १७१३ मध्ये निघालेल्या पहिल्या तमिळ पुस्तिकांपैकी एकीच्या नावातच ‘अक्कियानम्’ हा शब्द होता, आणि ते किती किळसवाणे आहे हे लोकांना पटविणे हा तिचा हेतू होता. ‘अक्कियानम्’ म्हणजे आपला ‘अज्ञान’ शब्द. हाइडे लोकांच्या धर्माला तमिळ नाव हवे होते. लोकांनी त्याला असे एक नाव दिलेलेच नव्हते. कोणी शैव होता, कोणी वैष्णव, कोणी अम्मनचा भक्त. म्हणून मिशनऱ्याने नाव दिले ‘अज्ञान’. इस्लामपूर्व अरबस्तानाच्या काळाला अरबी भाषेत ‘जाहिलिय्या’ म्हणतात, तिचाही अर्थ अज्ञानाचा काळ असाच होतो. आपल्या सत्यापूर्वी किंवा सत्याबाहेर जे आहे ते अंधारच, ही समजूत निरनिराळ्या भाषांत एकाच शब्दाला येऊन पोहोचलेली दिसते.

परंतु ज्या वर्षी ही पुस्तिका छापली गेली, त्याच वर्षी त्सीगेनबाल्गने एक ग्रंथ लिहून पूर्ण केला. ‘मलबारी देवांची वंशावळ’ असे त्याचे नाव. त्याचे चार भाग आहेत. पहिला परापरवस्तूविषयी, म्हणजे सर्वांच्या मुळाशी असलेल्या निराकार परमतत्त्वाविषयी. दुसरा त्रिमूर्ती आणि त्यांच्या परिवाराविषयी. तिसरा ग्रामदेवतांविषयी, यात अय्यनार, एल्लम्मन, मारियम्मन, अंगाळम्मन, भद्रकाळी, पिडारी, चामुंडी आणि दुर्गा यांची माहिती येते. चौथा देवगण, ऋषी आणि इतर दिव्य योनींविषयी. त्याआधी दोन वर्षे, १७११ मध्ये, लिहिलेल्या ग्रंथात त्याने शैव आणि वैष्णव यांचे भेद, योगी आणि ज्ञानी यांचे मार्ग नोंदविले होते, आणि मूर्तिपूजेवर आसूड ओढणाऱ्या शिववाक्कियर या सिद्धकवीचा आधार घेतला होता. म्हणजे ज्या ढिगाऱ्यावर ‘हाइडे’ अशी एकच चिठ्ठी होती, तो उपसून पाहताच त्यात एकेश्वरवाद, भक्ती, योग, ग्रामदेवता आणि मूर्तिभंजन असे सर्व काही निघाले. पूर्वग्रह घेऊन आलेल्या माणसाने इमानाने प्रश्न विचारले आणि उत्तरे जशीच्या तशी लिहून ठेवली, की त्याची चौकट त्याच्याच हातून मोडते. त्सीगेनबाल्गने आपली श्रद्धा सोडली नाही. हे सारे शेवटी भ्रांतच आहे असे तो अखेरपर्यंत मानीत राहिला. पण त्याने लिहिलेली पाने त्याच्या मतापेक्षा अधिक प्रामाणिक होती.

ही पाने हालेला पोहोचली तेव्हा तेथील मिशनचे धुरीण फ्रांके यांनी ती छापण्यास नकार दिला. मिशनरी भारतात पाठविले ते हाइडेपण उपटून टाकण्यासाठी. त्याच्या कल्पनांचा युरोपात प्रसार करण्यासाठी नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. हस्तलिखित दप्तरात गेले. त्सीगेनबाल्ग १७१९ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, ट्रांकेबारलाच वारला. ‘वंशावळ’ छापली गेली ती १८६७ मध्ये, आणि तीही जर्मनीत नव्हे, मद्रासमध्ये. विल्हेल्म गेरमान या मिशनऱ्याने ती संपादित केली. दोन वर्षांनी तिचे इंग्रजी भाषांतरही मद्रासमध्येच निघाले. १७११ चा ग्रंथ १९२६ पर्यंत वाट पाहत राहिला. एका शब्दाचे रक्षण व्हावे म्हणून एका माणसाचे ज्ञान दीडदोनशे वर्षे अंधारात ठेवले गेले. त्या काळात युरोपने भारताविषयी किती भलतेसलते लिहिले, हे लक्षात घेतले म्हणजे या नकाराची किंमत कळते.

ट्रांकेबारच्या याच मिशनमधून पुढे श्वार्ट्झ आला, आणि त्याच्यामुळे या कथेत पुन्हा तंजावरचे भोसले येतात. दत्तकाचा वाद चालू असताना बालवयाच्या सरफोजीराजांच्या जिवाला धोका वाटू लागला, तेव्हा १७९३ मध्ये त्यांना मद्रासला नेण्यात आले. श्वार्ट्झ आणि त्याचा सहकारी गेरिके यांच्या देखरेखीखाली ते इंग्रजी, भूगोल, गणित शिकले. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला, आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. त्यांनी आपल्या गुरूसाठी इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. मृत्युशय्येवरील पाद्री आणि त्याचा हात हाती घेतलेला मराठा राजा, असे ते शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे. पण राजे शैव होते आणि शैवच राहिले. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. पुढे ते काशीयात्रेलाही गेले. गुरूविषयीची कृतज्ञता आणि कुलदेवावरील निष्ठा यांत त्यांना विरोध वाटला नाही.

१८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले. सात वर्षांपूर्वी त्यांनी रचलेले एक प्रार्थनागीत इंग्रजी जगात घरोघर म्हटले जात होते, आणि त्यात मूर्तिपूजक हा आंधळा म्हणून वर्णिलेला होता. तंजावरला त्यांना भेटलेला मूर्तिपूजक लाव्हाझिए, लिनिअस आणि ब्यूफाँ यांच्या ग्रंथांविषयी सहज बोलत होता आणि शेक्सपिअरच्या काव्यगुणांची पारख करीत होता. हेबरनी पत्रात हे कौतुकाने लिहिले. आपण अनेक राजे पाहिले, पण याच्यासारखे राजाला शोभणारे वागणे क्वचित पाहिले, असा त्यांचा अभिप्राय होता. त्यानंतर काही दिवसांतच, ३ एप्रिल १८२६ रोजी, ते त्रिचनापल्लीस वारले. आपल्या गीतातील ओळ त्यांना कधी बदलाविशी वाटली असती काय, हे सांगता येत नाही. गीत मात्र तसेच म्हटले जात राहिले.

पेगन हा शब्द राज्यकारभारातही शिरला. १८१७ च्या कायद्याने मद्रास इलाख्यातील देवस्थानांची देखरेख कंपनी सरकारने आपल्याकडे घेतली होती. उत्पन्नाचा हिशेब ठेवणे, दुरुस्ती करणे, उत्सवाला बंदोबस्त देणे ही सरकारची कामे झाली. ख्रिस्ती सरकारने मूर्तिपूजेचा कारभार करावा काय, असा प्रश्न इंग्लंडमध्ये आणि मद्रासमध्ये उठला. सेनापती सर पेरेग्रिन मेटलंड यांनी याच प्रश्नावर १८३८ मध्ये राजीनामा दिला. अखेर १८६३ च्या कायद्याने सरकारने देवळांतून अंग काढून घेतले. ज्या शब्दाने देवाला खोटे ठरविले, त्याच शब्दामुळे देवस्थानांच्या जमिनी आणि दागिने यांवर लक्ष ठेवणारे कोणी उरले नाही, अशी तक्रार पुढे हिंदू पुढाऱ्यांनीच केली. आणि विसाव्या शतकात मद्रास प्रांताला पुन्हा देवस्थानांचा कायदा करावा लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शब्दाने शास्त्रीय वेष घेतला. १८७१ मध्ये टायलरच्या ‘आदिम संस्कृती’ या ग्रंथाने ‘ॲनिमिझम’, म्हणजे सर्वत्र आत्मे मानणारा धर्म, ही संज्ञा रूढ केली. धर्माची ती पहिली पायरी ठरली. हिंदुस्थानच्या जनगणनेत वन्य जमातींच्या नावापुढे हा शब्द लिहिला जाऊ लागला. हिंदू कोठे संपतो आणि ॲनिमिस्ट कोठे सुरू होतो, हे मात्र मोजणाऱ्या अधिकाऱ्यांनाही निश्चित सांगता येईना. मुंबईचे समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ मध्ये ही सीमारेषाच कृत्रिम असल्याचे प्रतिपादन केले; उलट आज झारखंड आणि आसपासच्या प्रदेशांतील अनेक आदिवासी आपल्या धर्माची ‘सरना’ या नावाने स्वतंत्र नोंद मागतात. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४९ लाख लोकांनी ते नाव सांगितले. या वादाचा निकाल काहीही लागो. नाव सांगणारा स्वतःच बोलू लागला, ही त्यातील नवी गोष्ट आहे.

ग्रामदेवतांच्या अभ्यासाला पुन्हा चालना मिळाली तीही मद्रासमध्येच, आणि एका बिशपच्या हातून. हेन्री व्हाइटहेड हे १८९९ ते १९२२ या काळात मद्रासचे बिशप होते. १९०७ मध्ये मद्रासच्या सरकारी संग्रहालयाने त्यांचा दक्षिणेतील ग्रामदेवतांवरील निबंध प्रसिद्ध केला, आणि १९१६ मध्ये त्याचेच विस्तृत पुस्तक झाले. ‘पागानुस’चा मूळ अर्थ खेडूत, आणि या पुस्तकाचा विषय खेडुतांचेच देव. व्हाइटहेडनी काही गोष्टी बारकाईने टिपल्या. शिव आणि विष्णू विश्वाच्या शक्तींशी निगडित आहेत, तर ग्रामदेवता गावच्या रोजच्या सुखदुःखाशी: पटकी, देवी, गुरांचे रोग, पाऊस. या देवता बहुधा स्त्रीरूप असतात. त्यांना बळी दिला जातो. त्यांचा पुजारी बहुधा ब्राह्मण नसतो. आणि गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्या जातींना या उत्सवांत आवश्यक असे मानाचे काम असते. इतके पाहूनही बिशपनी, एकंदर पद्धती म्हणून, या उपासनेचा निषेधच केला. त्यांच्या मते तिच्या मुळाशी होते ते भय.

भयाचा अंश नव्हता असे कोण म्हणेल? मारियम्मनच्या नावातील ‘मारी’ तमिळमध्ये पाऊसही आहे. तीच देवीचा रोग आणणारी आणि तीच अंगाचा दाह शमविणारी. आपल्या मरीआईच्या गाड्याला एका गावाने पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोहोचते करायचे, ही पटकीच्या काळची रीत महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु इतिहासाने या तर्काची एक परीक्षा घेतली. देवी रोगाचा भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला, आणि १९८० मध्ये सर्व जगातून तो रोग गेल्याचे जाहीर झाले. भय एवढेच कारण असते तर मारियम्मनची ठाणी ओस पडायला हवी होती. ती पडली नाहीत. आडीच्या महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात, चेन्नईच्या गल्लोगल्ली आंबील शिजते आणि ती जातपात न विचारता वाटली जाते. रोग गेला तरी देवी उरली. कारण तिच्याभोवती गाव एकत्र येत होते.

या देवांत लोकांची स्मृतीही साठलेली असते. जोतीराव फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त खंडोबा, म्हसोबा यांच्याकडे बळिराजाच्या राज्यातील अधिकारी म्हणून पाहिले. इतिहास म्हणून ते मत सर्वांना मान्य होणार नाही. परंतु ज्या देवांना एकीकडे मिशनरी पेगन म्हणत होते आणि दुसरीकडे शास्त्री क्षुद्र देवता म्हणत होते, त्यांत शेतकऱ्याचा हरवलेला मान शोधावा, ही दृष्टीच नवी होती. पुढे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरातील शेंदूर फासलेले तांदळे पायी हिंडून पाहिले आणि प्राचीन वाटा व वस्त्या यांचा माग त्यांवरून काढला. वेशीवरचा दगड हा इतिहासाचा कागद आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

पश्चिमेतही या शब्दाचे नशीब पालटले आहे. आइसलंडमध्ये १९७२ साली काही लोकांनी आपल्या पूर्वजांच्या देवांची उपासना पुन्हा सुरू केली, आणि पुढील वर्षी तेथील सरकारने त्या संघाला मान्यता दिली. लिथुएनिया हा देश १३८७ मध्ये अधिकृतपणे ख्रिस्ती झाला. तेथेही जुन्या उपासनांचे पुनरुज्जीवन झालेले आहे. इंग्लंड-अमेरिकेत तर अनेकजण स्वतःला अभिमानाने पेगन म्हणवितात. शिवी म्हणून दिलेला शब्द त्यांनी बिरुद म्हणून धारण केला. मात्र त्यांच्या आणि मैलापूरच्या बाईच्या स्थितीत मोठे अंतर आहे. त्यांना तुटलेला धागा ग्रंथांतून शोधून जोडावा लागला. तिचा धागा तुटलेलाच नाही. पेगन या शब्दाची तिला गरज नाही, आणि तो तिला कोणी लावला होता हेही तिला ठाऊक नाही.

म्हणून पेगन धर्माचे प्रकार किती, या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की पेगन नावाचा धर्म एक नव्हताच. रोमचा सिम्माकुस, गोव्याचा देवचार, तंजावरचे सरफोजीराजे, सिद्ध शिववाक्कियर आणि मारियम्मनचा पुजारी यांना जोडणारा धागा त्यांच्यात नाही. तो त्यांच्याकडे बाहेरून पाहणाऱ्याच्या नजरेत आहे. शब्द आधी आणि माणूस मागून, असे झाले की पोथ्या दप्तरात पडून राहतात आणि देव पालखीतून पळून जातात. त्सीगेनबाल्गचे मोठेपण एवढ्यासाठीच मानावयाचे, की शब्द बरोबर आणूनही तो माणसाजवळ बसला आणि त्याला विचारले. आपल्याही ओठांवर पाखंड आणि गावंढळ हे शब्द आहेत. ते उच्चारण्यापूर्वी तसेच बसून विचारणे आपल्यालाही अवघड नाही.

मैलापुरात आता उंच पुलावरून आगगाडी धावते. २०१४ पासून तेथील एका स्थानकाला मुंडककण्णी अम्मनच्या देवळाचे नाव आहे. रोज हजारो नोकरदार त्या नावाच्या पाटीखाली उतरतात. त्यांतील कोणी कपालीश्वराकडे वळतो, कोणी सांथोमच्या चर्चकडे, कोणी झावळ्यांच्या छपराकडे, आणि बरेचजण घाईने कचेरीकडे. ग्रामदेवतेला आपली वेस बदललेली दिसत असेल. राखण करणे तिने थांबविलेले नाही.